सिद्धलिंगची उतरलेली सूज

शंभरेक वर्षांपूर्वी सेलूच्या कापसाच्या जिनिंगमागच्या पटांगणात महिनाभर पाय ठेवायला जागा नव्हती. भस्मेबाबा चिमूटभर भस्मानं माणसांची सूज उतरवत होता. "अंगातलं पाणी म्हंजे मागल्या जन्माचं पाप. म्या ते खालच्या वाटेनं काढतो. ठाण्याच्या अमीनसाहेबाच्या सासूला ईचारा," तो सांगे, आणि हसायचं सोडून शहाणीसुरती माणसं हात जोडीत.

गंगम्मानंही जोडले. तिचा नवरा सिद्धलिंग, तेलाचा व्यापारी. त्याला धापेमुळं आडवं होता येत नव्हतं, पाय खांबासारखे सुजले होते. भस्म घेतलं आणि लघवी अशी सुटली की चार दिवसांत सूज उतरली. आळीत बाबाची पालखी निघायचीच बाकी राहिली.

लिंगायताच्या घरी भस्माला नाही म्हणत नाहीत. भेटायला येणारा जो तो आधी स्वतःच्या कपाळाला लावी आणि मग एक चिमूट सिद्धलिंगच्या जिभेवर ठेवी. पुण्यात वाटा कुणाला नको?

"तोंडात पैसा धरल्यागत चव यायलीय," तो म्हणाला. तरी गंगम्मानं संध्याकाळची चिमूट भरवलीच.

आठव्या दिवशी लाळ गळू लागली, हिरड्यांतून रक्त आलं, लघवी बंद झाली. बाबा म्हणाला, "पाप चिवट हाय. दुप्पट द्या." तिनं दुप्पट दिलं.

शेवटी दीर वीरभद्रानं डॉक्टर व्यंकटरावांना आणलं. त्यांनी भस्म ओलं करून तांब्याच्या गडव्यावर घासलं. तिथं पांढरी चकाकी आली.

"चांदी झाली?" वीरभद्र पुटपुटला.

"पारा आहे. राखेत रसकापूर, म्हणजे पाऱ्याचा क्षार, मिसळलाय. त्यानं लघवी सुटते, सूज उतरते, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण आम्ही आधी मूत्रपिंडं तपासतो, मात्रा तोलून देतो, रोज लघवी मोजतो. तोंड आलं की तिथंच थांबवतो. इथं मोजलं कुणी?"

गंगम्मा आपल्या बोटांकडं बघत राहिली. "म्याच भरवलं, डाक्टरसाहेब. हे वाचतील का?"

"मूत्रपिंडं गेलीत," डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी सिद्धलिंगला लिंगायत रिवाजाप्रमाणं बसवून माती दिली. माती देऊन परतलेली काही माणसं दुसऱ्या सकाळी पुन्हा बाबाच्या रांगेत होती.

गंगम्मा तिथं गेली. "बाई दुःखानं येडी झाली," बाबा म्हणाला.

"येडी आधी हुते. ह्यात काय घातलंय, किती घातलंय अन् कवा थांबायचं, ते ह्या लोकायला सांग."

बाबा डोळे मिटून जप करू लागला. गंगम्मा रांगेकडं वळली. "भस्म कपाळाला लावा, म्याबी लावते. पण जे पोटात जातंय त्याचं नाव ईचारल्याबिगर कुणाला भरवू नका. म्या ईचारलं न्हाई."

रांगेतून सुजल्या पायांची एक म्हातारी बाहेर पडली आणि दवाखान्याची वाट विचारू लागली.