शांत म्हणायचं कुणाला

भागुबाईंना दोन सुना. थोरली प्रतिभा, धाकटी साधना. दोघी गप्प बसल्या तर दोघी सारख्याच गप्प, असं तुम्हा-आम्हाला वाटेल. मखमलाबादच्या त्या फुलांच्या मळ्यात तसं नव्हतं. प्रतिभा घटकाभर बोलली नाही की सासू म्हणायची, फुगली बघा. दोन घटका बोलली नाही तर घुमी. आणि साधना दिवसभर ओठ मिटून बसली की लय शांत, लय सोशिक, घराण्याची पोर! ते 'घराण्याची' प्रतिभाच्या काळजात कुसळासारखं रुतायचं. तिला काय रस्त्यावरून आणली होती?

पहिलं बाळंतपण सायखेड्याला माहेरी उरकून, तीन महिन्यांच्या जीवनला घेऊन साधना परतली, तेव्हापासून तर कौतुकाला ऊतच आला. पूर्वीसारखं हसणं नाही, माहेरच्या गोष्टी नाहीत. पुढ्यात येईल ते खायचं, नाही आलं तर मागायचं नाही. आई झाली नि पोक्त झाली, असं सासू आल्या-गेल्याला सांगायची. प्रतिभानंही एकदा हट्टानं गप्प राहून पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं, खंडेरावानं, दाढ दुखतेय का म्हणून विचारलं.

पंचवटीतल्या दुकानदाराला सकाळच्या पहिल्या गाडीनं हार पोचवायचे असत. ते ओवायला दोघी जावा दुपारी ओसरीवर बसत. प्रतिभाचे हात फुलांवर आणि डोळे जावेवर. इतकं शांत कुणी असतं का? कुठंतरी चुकेल, सापडेल.

एके दिवशी सापडलं. पांढऱ्या शेवंतीच्या हारात तीन फुलं लाल. देवाचा हार, आणि रक्तानं माखलेला. खोटं कशाला सांगा, प्रतिभाला आधी बरंच वाटलं. आता बसतील बोलणी. मग तिनं साधनाच्या हाताकडे पाहिलं. सुई बोटात घुसलेली, आणि त्याच हातानं ती पुढचं फूल उचलत होती. झोळीत जीवनचा रडून रडून आवाज बसला होता. दुधानं पोलकं भिजलेलं, आणि ही आपली ओवतेय.

प्रतिभानं सुई उपसली, पोर उचललं.

"दुखलं नाही का गं?"

साधनानं बराच विचार केला. "कळलंच नाही, ताई. हा रडतो ना, तेही लांबून येतं. शेजारच्या मळ्यात कुणाचं तरी पोर रडतंय असं वाटतं."

प्रतिभानं सासूला गाठून सगळं सांगितलं. सासूनं चुलीतलं लाकूडसुद्धा हलवलं नाही.

"तिचं गप बसणंबी खुपतंय तुला. इतकं जळू नाय माणसानं."

प्रतिभा जळत तर होतीच.

दुसऱ्या दिवशी जीवनला डोस द्यायचाय असं सांगून तिनं जावेला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी साधनाला काय काय विचारलं. उत्तर येईना, तेव्हा त्या प्रतिभाकडे वळल्या. किती दिवस झाले?

"चोवीस," प्रतिभा म्हणाली. "आल्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली होती, आता चतकोर खाते. आठ दिवस केसांना फणी नाही. पोराला नावानं हाक मारून पाच दिवस झाले."

"बहीण का तुमची?"

"जाऊ."

"आणि एवढं ध्यानात ठेवलंत?"

प्रतिभानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हिला सगळे शांत म्हणतात. ते मला खपत नव्हतं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. हा आजार आहे, म्हणाल्या, बाळंतपणानंतर होतो काहींना, आणि बराही होतो. औषध लिहून दिलं. एकटी सोडू नका, झोपू द्या, पोर दुसऱ्या कुणीतरी घ्या, आणि आठवड्यानं पुन्हा आणा.

घरी येऊन प्रतिभानं औषधाची पुडी सासूपुढे ठेवली आणि डॉक्टरांचं बोलणं शब्दाला शब्द ऐकवलं. सासूनं पुडी उलटसुलट करून पाहिली. दुसऱ्या सकाळी उठून तिनं आपल्या हातानं साजूक तुपातला शिरा केला. माझी बाय निमूट सोसत राह्यली, असं म्हणत डोळे पुसत होती.

पुन्हा निमूट! कडेवर जीवनला घेऊन प्रतिभा दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या लेकीच्या, साक्षीच्या, बाळंतपणात ती पंधरा दिवस उशीत तोंड खुपसून रडली होती, तेव्हा नखरे म्हणाले होते सगळे. तिनं ताटली उचलली आणि साधनाजवळ जाऊन बसली.

"खातेस, का मी खाऊ? बेदाणे घातलेत बघ. मला कधी घातले नव्हते."

साधनानं एक घास घेतला. बऱ्याच वेळानं दुसरा. मग एकेक बेदाणा वेचून ताटलीच्या कडेला सारला.

"हे तुम्ही घ्या, ताई."

प्रतिभानं एकदाही नको म्हटलं नाही. सगळे खाल्ले.