तू हो पुढे

मास्तरांचं म्हणणं असं की शिंप्याच्या दुकानात माणूस थापा मारतो, पण त्याची कंबर मारत नाही. गळ्यात टेप अडकवून ते गिऱ्हाइकाभोवती फिरत आणि कुणाचं बरं चाललंय, कुणाचं घरात बिनसलंय, हे पोटादंडाच्या मापावरून मनात टिपून ठेवत. असा हिशेबी माणूस सुट्टी आली की उठून जंगलात जातो, हे कुणाच्या पचनी पडत नसे. बायकोच्या तर नाहीच नाही.

"तिथे कुणाची मापं घेता?" ती विचारायची.

"झाडांची. उधारीवर शिवून मागत नाहीत बिचारी."

जायचे ते किल्लीवाल्याबरोबर. हा समोरच्या टपरीत बसून किल्ल्या घासून द्यायचा. उंच, हडकुळा, डावखुरा. बंद कुलूप दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे, आणि शेवटच्या बसथांब्यापलीकडचं ते जंगल म्हणजे त्याच्या लेखी कुणी न उघडलेलं कुलूप होतं. वाट अशी तिथे नव्हतीच. काटेरी जाळ्या, एकमेकांसारखी झाडं, दुपारीसुद्धा हिरवट काळोख. म्हणून दोघांनी आपली एक पद्धत बसवली होती. मास्तर दुकानातली कात्रणं पिशवीत भरून आणायचे. जाताना किल्लीवाला पुढे, फांदीफांदीला चिंधी बांधत, मास्तर मागे. परतताना दोघं जागच्या जागी वळायचे, की मास्तर आपोआप पुढे आणि किल्लीवाला मागे, चिंध्या सोडत. शेवटची चिंधी सुटली की जंगल पुन्हा कुणाचंच नाही.

काठावर उभं राहून मास्तर दर वेळी तेच म्हणायचे, "तू हो पुढे, मी आलोच मागून."

आणि आत बरंच गेल्यावर, उन्मळून पडलेल्या एका म्हाताऱ्या झाडापाशी, काठी खोडावर आपटून म्हणायचे, "पुरे." पुरे म्हटलं की वाद नाही, वळायचं. हा नियमही दोघांचाच. मात्र पुरे कायम मास्तरच म्हणायचे आणि तोंड पाडून कायम किल्लीवालाच वळायचा. कारण त्या पडलेल्या झाडापलीकडे तळं आहे, असं त्याचं म्हणणं होतं. एकदा झाडावर चढून त्याने लकाकताना पाहिलं होतं.

"पत्रा असेल," मास्तर म्हणाले होते.

"जंगलात पत्रा कोण टाकेल रे?"

"तुझ्यासारखाच कुणीतरी रिकामटेकडा."

ही थट्टा मास्तरांनी वर्षानुवर्षं पुरवून पुरवून वापरली. गिऱ्हाइकांनाही सांगितली. टपरीसमोरून जाणारी माणसं विचारू लागली, "काय, पत्र्याला पाणी आहे का यंदा?" किल्लीवाला हसायचा, पण किल्ली जरा जास्तच जोरात घासायचा.

मग तो आजारी पडला. मास्तर दवाखान्यात गेले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांनी सवयीने माप घेतलं. अंगावरचा सदरा त्यांनीच शिवलेला होता आणि आत आता दुसराच कुणी लहान माणूस निजला होता.

"तळं राहिलं," किल्लीवाला म्हणाला. "येशील ना?"

 मास्तरांच्या तोंडाला जे सवयीचं होतं तेच बाहेर पडलं.

"तू हो पुढे, मी आलोच मागून."

किल्लीवाल्याला बरं वाटलेलं दिसलं. तो पहाटे गेला. दवाखान्याच्या दारातून बाहेर पडताना मास्तरांना आपण काय बोलून बसलो ते उमगलं आणि हात नुसताच टेपकडे गेला.

पहिली चिंधी बसच्या ड्रायव्हरने सांगितली. "मास्तर, थांब्याच्या खांबाला तुमचं लेबल लावलंय वाटतं." मास्तरांनी हसून सोडून दिलं. मग एक पुलाच्या कठड्याला दिसली. मग एक बाजाराच्या कोपऱ्यावर. चिंध्या जंगलाकडून गावाकडे येत होत्या, आणि घाईत नव्हत्या.

एका सकाळी किल्लीवाल्याची बायको दुकानात आली आणि मुठीतली चिंधी कापायच्या टेबलावर ठेवली.

"भावोजी, ही थट्टा असेल तर बंद करा. फाटकाला रोज एक असते. मी सोडते, सकाळी पुन्हा दुसरी. झोप उडालीय माझी."

"वहिनी, मी कशाला बांधीन?"

"मग कात्रण कुणाचं? हे तुमच्या दुकानातलंच ना?"

मास्तरांनी चष्मा लावला. बाटलीच्या रंगाचं अस्तर. त्या अस्तराचा कोट त्यांनी कालच बेतला होता आणि कात्रणं टेबलाखालच्या टोपलीत टाकून स्वतः कुलूप लावलं होतं. चिंधीला गाठ तशीच होती; वहिनींनी ती न सोडता फाटकाच्या कांबीवरून तशीच सरकवून आणली होती. गाठ उलटी होती, डावखुऱ्याची. उजव्या हाताच्या माणसाने किती खटपट केली तरी तशी पडत नाही. मास्तरांनी आयुष्यभर त्या गाठीला नावं ठेवली होती.

वहिनींनीही ती ओळखली. खुर्चीवर बसत त्या हळूच म्हणाल्या, "त्यांना काय हवंय, भावोजी?"

"मी हवाय," मास्तर म्हणाले, आणि दवाखान्यात जे बोलले ते सांगितलं.

वहिनींनी चिंधी बोटाने टेबलाच्या कडेला सारली. "असं कसं हो बोललात?"

"आमचं तेच बोलणं होतं, वहिनी. दुसरं येत नव्हतं."

"मग जाऊ नका."

त्या गेल्यावर मास्तर शटर अर्धं ओढायला उठले, तर शटरच्या कडीलाच चिंधी होती.

मास्तर भित्रे नव्हते, पण फुकट मरायला तयारही नव्हते. शिवणयंत्रापुढे बसून त्यांनी विचार केला. जाऊ नये, तर पुढची चिंधी कशाला असेल? घराच्या दाराला, की उशीला? जावं, तर तो पुढे आणि आपण मागे, आणि तो जिथे पोहोचलाय तिथवर मागोमाग जायचं म्हणजे काय, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. शब्द तर दिलेला. पण नियम दोन होते. एक तू हो पुढे, आणि दुसरा पुरे. किल्लीवाल्याने आयुष्यात हजार कुलपं गुपचूप उघडली असतील, पण पुरे म्हटल्यावर तो वळला नाही असं कधी झालं नव्हतं.

सुट्टीच्या सकाळी त्यांनी काठी घेतली. बायको म्हणाली, "आता कुणाबरोबर?"

"त्याच्याचबरोबर."

तिला ती थट्टा वाटली. नेहमीप्रमाणे ती रागावली, आणि त्या रागावण्याने मास्तरांना उगीच धीर आला.

काठावरची पहिली चिंधी वाऱ्याशिवाय हलत होती. मास्तरांनी तोंड उघडलं आणि ते नेहमीचं वाक्य गिळून टाकलं. न बोलता आत शिरले. चिंध्या नीट डोळ्यांच्या उंचीवर होत्या, म्हणजे उंच माणसाच्या नव्हे, मास्तरांच्या डोळ्यांच्या. त्याने हे कधी केलं नव्हतं. जिवंतपणी मास्तरांना दर वेळी मान वर करावी लागायची. मास्तरांनी एक चिंधी बोटांत धरून पाहिली. मारायला नेणारा माणूस असं करतो का? की नेमकं असंच करतो?

पक्षी बोलत नव्हते. पडलेलं झाड आलं. काठीचा हात सवयीने वर गेला आणि थांबला. खोडाच्या पलीकडे चिंध्या पुढे गेल्या होत्या, दाट, जवळजवळ, घाई झाल्यासारख्या. इथे पुरे म्हणणं सोपं होतं. पण तेच तर मास्तर जन्मभर म्हणत आले होते, आणि तोच माणूस दर वेळी तोंड पाडून वळला होता. त्याचं तळं अडवून धरलं आणि वर गावात त्यालाच पत्रेवाला ठरवलं. मास्तरांनी धोतरासारखा पँटचा पाय वर धरला आणि खोड ओलांडलं.

उतार लागला. हवा गार झाली. पुढे कुणीतरी फांद्या बाजूला सारत चालल्यासारख्या त्या आपोआप वाट देत होत्या आणि मास्तरांच्या पाठीमागे मिटत होत्या. आणि मग खोडांच्या फटींतून ते दिसलं. रुंद, काळं, अजिबात न हलणारं पाणी. शेवटची चिंधी काठावर नव्हती. ती पाण्यातून वर आलेल्या एका वठलेल्या फांदीला होती, हात लांब केला तरी पोहोचणार नाही अशी.

मास्तर थांबले. पाय पुढे जायला बघत होते; इतक्या वर्षांची मागे चालायची सवय होती त्यांना.

"दिसलं," ते म्हणाले. "पाणीच आहे. पत्रा नाही. तू खरा होतास, मी हलकट. सगळ्या गावात सांगतो." मग त्यांनी काठी उचलली आणि जवळच्या खोडावर आपटली. "पुरे."

पाण्यावर एक तरंग उठला आणि काठापर्यंत न येताच विरला. मास्तर जागच्या जागी वळले.

वळल्याबरोबर त्यांना कळलं की आता आपण पुढे आहोत.

मागे पावलं वाजली नाहीत. पण चिंधी मागे पडली की क्षणभराने गाठ सुटताना होते तशी बारीक सरसर ऐकू यायची. दर चिंधीला. जंगलाच्या काठावर आल्यावर मास्तरांनी मागे पाहिलं. आत नुसती झाडं होती, एकमेकांसारखी. एकाही फांदीला काही नव्हतं. परतीच्या बसमध्ये ड्रायव्हर म्हणाला, "खांबावरचं लेबल काढलंत वाटतं, मास्तर." ते खिडकीची जागा रिकामी सोडून कडेला बसले होते.

वहिनींच्या फाटकावरून येताना त्यांनी पाहिलं, फाटक मोकळं होतं. आत शिरून त्यांना सांगावं असं वाटलं, आणि मग वाटलं, नको. आपण थांबलो तर तोही इथे थांबेल, आणि ह्या बाईला आत्ता कुठे झोप लागणार आहे. ते तिथून जरा भरभरच निघाले, आणि ऐकत राहिले की मागे कुणी रेंगाळतंय का. कुणी रेंगाळलं नाही.

घरी दिवे लागले होते. बायकोने दार उघडलं, त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आलात एकदाचे. या, दार लावा, डास येतात."

मास्तर आत आले. चपला काढल्या. दाराला हात लावला आणि तसाच धरून ठेवला, उघडा. बाहेर फाटकाच्या कडीला कुणी तरी सवयीने बोट लावून, ती नीट लागते का ते पाहत होतं.

"लावा की," बायको आतून म्हणाली.

"थांब जरा," मास्तर म्हणाले. "मागून येतोय."