काच कारखान्यातली दोन कुलपांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. मला पाहून कुणालाही वाटेल, हिच्यात खिळे ठेवत असतील, फार तर पाव. तसे वाटले तरी मी रागावणार नाही. मला तोंड आहे, पण ते फक्त घेण्यासाठी, बोलण्यासाठी नाही. हेच माझे दुःख आहे.

पोलंडमधल्या आमच्या गावात काचेचा एकच कारखाना आहे आणि त्याच्याच भोवती गाव आहे. तिथल्या अलॉयझी नावाच्या कामगाराने जुन्या धुराड्याच्या पत्र्यातून मला घडवले. त्याने पत्रा ठोकून सपाट केला, कडा आत वळवल्या आणि वर चिठ्ठी जाईल एवढी चीर पाडली. "हिनं कुणाचं बोट कापलं तर माझं नाव बदला," असे तो म्हणाला होता. त्याचे नाव बदलण्याची पाळी कधी आली नाही.

मला दोन कुलपे आहेत. एक किल्ली युनियनच्या अध्यक्षाकडे असते, दुसरी भट्टीच्या मुख्य कारागिराकडे. हा आमच्याकडचा रिवाज. अध्यक्ष बदलतात, भांडतात, कधी साहेबांकडे चहालाही जाऊन येतात. भट्टीवाला मात्र भट्टी सोडून कुठे जात नाही, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा भरवसा.

सुरुवातीची माझी वर्षे मजेत गेली. युनियनच्या कमिटीवर पंच म्हणून कुणाला निवडायचे, उन्हाळ्याची सहल तळ्यावर न्यायची की डोंगरात, असल्या चिठ्ठ्या माझ्या पोटात पडत. मतदानाच्या दिवशी कॅन्टीनमधली बाई मला ओल्या फडक्याने पुसायची आणि माझ्याखाली इस्त्रीचा रुमाल अंथरायची. मी थोडी शेफारलेही होते.

मग आठ वर्षांपूर्वी संपासाठी मतदान झाले. त्याचा नियम असा की निम्म्या कामगारांनी तरी चिठ्ठी टाकलीच पाहिजे, नाहीतर मतदान रद्द. आणि रद्द झालेल्या मतदानाची पेटी उघडायची नाही, असे आमच्या युनियनने ठरवलेले. ज्यांना संप नको होता ते आले नाहीत. ज्यांना हवा होता पण भीती वाटत होती, तेही आले नाहीत. गेलोच नाही म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही, आपले हात वर, अशी आमच्या माणसांची समजूत. नऊ चिठ्ठ्या कमी पडल्या. मला भरल्या पोटी लोखंडी कपाटात कोंडले.

मित्रांनो, तो काळ आठवला की अजून जीव गुदमरतो. माझ्या पोटात शेकडो माणसांचा शब्द होता आणि तो मला माहीत होता. सांगायचा कुणाला आणि कसा? तोंड दाबून बुक्क्यांचा मार! त्या अंधारात मी न आलेल्या प्रत्येकाला शिव्या दिल्या. सगळ्यांत जास्त दिल्या त्या रोमान व्रोनाला. हा भट्टीचा मुख्य कारागीर. माझी किल्ली ह्याच्या गळ्यात, आणि ह्यानेच चिठ्ठी टाकली नव्हती.

यंदा जानेवारीत कपाट उघडले. काचेवर नक्षी कापणारी लुत्सिना आता युनियनची अध्यक्ष झाली होती. मार्चअखेर जुना करार संपणार होता. पूर्वी भट्टीतून काच उचलून फुंकणाऱ्या एका टोळीत चार माणसे असत. साहेबांनी तीन केली होती. चौघांचे काम तिघे करत होते आणि उन्हाळ्यात त्या आगीपुढे माणसे पडत होती. चौथा माणूस परत द्या, एवढीच मागणी होती. मतदान झाल्याशिवाय वाटाघाटीला बसायचे म्हणजे रिकाम्या हाताने बसायचे.

रोमान किल्ली घेऊन आला. दोघांनी मला उघडले आणि जुन्या चिठ्ठ्या न वाचताच भट्टीत टाकल्या. आठ वर्षे जपलेले सगळे एका श्वासात जळाले. मी हलकी झाले, पण सुटले नाही.

त्यानंतर कॅन्टीनमध्ये रोज तयारी चाले. आंबट सूप आणि राय धान्याचा काळा पाव समोर घेऊन लुत्सिना स्वतः डायरेक्टर व्हायची आणि एकेकाला उभे करायची.

"हं, बोला. चौथा माणूस कशाला हवाय तुम्हाला?"

"साहेब, एक दिवस फुंकणी तुम्ही धरा, मग पाचवा पण मागाल!" एक फुंकणीवाली म्हणाली. सगळे हसले.

"टोमणा झकास आहे. पण आधी सांग, गेल्या उन्हाळ्यात चक्कर येऊन किती जण पडले?"

"सात."

"मग आधी सात म्हण. टोमणा नंतर मार."

कुणी कुणाला निरोप द्यायचा, फाटकापाशी कुणी उभे राहायचे, घरच्यांना काय सांगायचे, सगळे ठरले. मला वाटले, यंदा जमले. तेवढ्यात साहेबांचे पत्रक फिरले: संप झाला तर भट्टी विझेल, वितळलेली काच आतच गोठेल, भट्टी तडकेल आणि कारखाना कायमचा बंद होईल. झाले! मी कॅन्टीनच्या टेबलावर मांडलेली, माझ्या एका बाजूला युनियनचा माणूस, दुसऱ्या बाजूला ऑफिसचा, आणि लोक माझ्याकडे न बघता सूप पिऊन जाऊ लागले. चारशे अकरांपैकी दोनशे सहा जणांनी यायला हवे होते. गुरुवारी संध्याकाळी एकशे ऐंशी झाले होते. शुक्रवारी दोनला मतदान संपणार होते.

गुरुवारी पाळी संपल्यावर रोमान कॅन्टीनमध्ये आला. माझ्यापासून लांबच्या बाकावर बसला. लुत्सिना त्याच्यासमोर जाऊन बसली.

"रोमानकाका, पत्रक खोटं आहे, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. सहा माणसं भट्टीवर राहिली तर ती विझत नाही."

"पोरी, पलीकडच्या गावची भट्टी विझलेली मी बघितलीय. भट्टी म्हणजे गॅसची शेगडी नव्हे, बटण फिरवलं की पेटली."

"म्हणूनच म्हणते. ती सहा माणसं तुमची. तुम्ही राहा."

"आणि लोक काय म्हणतील? सगळे बाहेर थंडीत, आणि व्रोना आत उबेला! संपफोड्या म्हणतील मला. माझी यागोदा ह्याच गावात राहायचीय."

यागोदा त्याची मुलगी. त्या सातांपैकी एक तीच. फुंकणी हातात असतानाच ती पडली होती आणि मनगटापासून कोपरापर्यंत भाजली होती. संप केला तर बदनामी, न केला तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. म्हातारा दोन्हीकडून कोंडला गेला होता. त्या कोंडमाऱ्याची मला चांगली ओळख होती, तरीही त्या दिवशी मला त्याची कीव आली नाही. भित्रा कुठला, एवढेच मी मनात म्हटले.

"लेखी द्या," तो अखेर म्हणाला. "भट्टीवरची माणसं संपातच आहेत, असं लिहा. सगळ्या पंचांच्या सह्या घ्या. मग बघू."

"सकाळपर्यंत देते."

"बघू म्हणालो. हो नाही म्हणालो."

पंच गोळा करता करता लुत्सिनाला शुक्रवारची दुपार झाली. तो कागद भट्टीवर पोचला तेव्हा एक वाजला होता आणि मत दिलेल्यांच्या यादीत दोनशे एक नावे होती. पाच कमी. घरी गेलेल्या पाळीला बोलवायला वेळ नव्हता.

एक वाजून दहा मिनिटांनी भट्टीवरचा पहिला माणूस आला. चामड्याचा अंगरखा तसाच, तोंड लालबुंद. त्याने सही केली, चिठ्ठी टाकली आणि धावत परत गेला. तो पोचल्यावरच दुसरा निघाला. कारण भट्टीपाशी सहांपैकी पाच जण सतत लागतात. एका वेळी एकालाच सोडता येते. अंगण ओलांडून यायचे आणि परत जायचे, प्रत्येकाला दहा मिनिटे. ऑफिसचा माणूस घड्याळाकडे बघत होता. लुत्सिना नखे खात होती. तिसरा आला. चौथा बर्फावर घसरून पडला आणि गुडघा चोळतच पोचला.

दोनला सहा मिनिटे असताना पाचवा आला. दोनशे सहा! कॅन्टीनमध्ये एकच गलका झाला. त्याने रोमानच्या गळ्यात असते ती माझी किल्ली टेबलावर ठेवली. "काकांनी पाठवलीय. मी परत जाईपर्यंत दोन वाजतील, मग त्यांना यायला वेळ कुठला, म्हणून हिला तरी पुढं धाडली."

मला उघडले. एकशे एक्क्याण्णव चिठ्ठ्या संपाच्या बाजूने निघाल्या. लुत्सिना मला काखेत मारून धावतच भट्टीवर गेली.

"काका, जिंकलो! पण भट्टीवरच्या सहांत तुमचंच नाव राहिलं हो यादीत."

"राहू दे," तो भट्टीवरची नजर न काढता म्हणाला. "सगळेच आलो असतो, तर इथं कोण होतं?"

मित्रांनो, मला त्या क्षणी लाज वाटली. सोमवारी वाटाघाटी सुरू होणार होत्या. मला पुसून पुन्हा त्याच कपाटात ठेवले. पुढे करार झाला की संप, मला अजून कळलेले नाही. बाहेरून भट्टीची घरघर तेवढी ऐकू येते, म्हणजे ती विझलेली नाही.

तुम्हाला माझे एवढेच मागणे आहे. कुणी तुमचे मत विचारले तर जा. हो म्हणा, नाही म्हणा, पण घरी बसू नका. आणि जो आला नाही त्याला भित्रा म्हणण्याआधी एकदा विचारा, की बाबा रे, तेव्हा तू कुठे उभा होतास?