राणीसाठी स्थळ

आश्रुबाच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट बसली, की ती निघायची नाही, आणि त्याचा सगळा ताप त्याच्या बायकोला, भिवराबाईला.

डंख नसलेल्या पोयामाशीच्या पेट्या त्यांनी पाळल्या होत्या. त्यांच्या मधावरच दोघांचा ऊसतोडीचा कोयता सुटला होता. पण नवरोबाचं एकच टुमणं : एक पेटी लई गुणाची, तीच फोडून दोन करायची, तिच्यातूनच सगळ्या वाढवायच्या. बाहेरची माशी बेजात. शेतीच्या शिबिरात भिवराबाईला बजावून सांगितलं होतं, की पोयाची राणी एकदाच नराशी जुळते. तो तिच्याच रक्ताचा निघाला तर कामकरी माश्यांच्या जागी निम्मे नरच जन्मायची भीती, आणि मग वैतागलेल्या कामकरी राणीलाच मारून टाकतात. हे तिनं घरी येऊन सांगितलं, तर आश्रुबा म्हणाला, "माश्यांना गोत कळतंय व्हय?"

मग बसा बोंबलत. एकेक पेटी ओस पडली. शेवटच्या पेटीतही राणी मेली. आता नवी कोवळी राणी आज-उद्या उडणार, आणि सोबत उडणारे नर म्हणजे तिचेच भाऊ. ही पेटी गेली की दिवाळीनंतर पुन्हा फडावरच्या कोपीत राहणं, पुन्हा उसाच्या मोळ्या वाहणं. भिवराबाईची कंबर आता त्याला तयार नव्हती.

परक्या रक्ताचे नर आणायला ती तडक चकलांब्याला माहेरी गेली. भाऊ भागवतच्या पडवीत पोयाची पेटी होती, ती मागून घेतली आणि एसटीत मांडीवर धरून घरी आणली. आश्रुबानं झाकण उचलून बघितलं आणि कान खाजवला.

"ही आपलीच हाय."

"आपली कशी? भागवतनं दिली मला."

"त्याला भाऊबीजेला मीच दिलती. तुला सांगायचं राह्यलं."

भिवराबाईनं कपाळावर हात मारला. "आन् कुणाकुणाला वाटल्यात?"

"पाव्हण्यारावळ्यांत सगळ्यांना."

"एक तरी घर सोडलं का?"

आश्रुबा खाली बघत म्हणाला, "सुग्रीव."

सुग्रीव म्हणजे त्याचा चुलतभाऊ. त्याच्या वस्तीवर मातीच्या भिंतीत रानची पोया होती. तिचे नर आपली जात बिघडवतील म्हणून आश्रुबानं त्याला भिंतीचं भोक लिंपायला सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही, तसं याचं बोलणं बंद, आणि पेट्या उचलून लांबच्या माळावर.

"त्याच्या दारात म्या जाणार न्हाई."

"मंग कोयता काढा. धार मी लावते."

दिवस मावळला, माश्या आत आल्या, तशी आश्रुबानं शेवटच्या पेटीच्या तोंडाला फडकं बांधलं. दोघं वस्तीवर गेले. सुग्रीव बाजेवर बसला होता. तो या म्हणेना की जा म्हणेना. पेटी घेऊन आश्रुबा नुसता उभा.

"आवं, बोला की," भिवराबाई वैतागून म्हणाली. "एरवी तोंड लई चालतंय."

आश्रुबानं पेटी पुढं केली. "सुग्रीव, पोरगी घिऊन आलोय. तुझ्या भिंतीतल्या पोरांना दाखवायला."

"आन् म्या तवा भिंत लिंपली आसती तर, दादा?"

सुग्रीव उठला, पेटी त्याच्या हातातून घेतली आणि भिंतीला लागून ठेवली.

"फडकं सकाळी तूच यिऊन सोड," तो म्हणाला.