उरलेला अर्धा दगड

“आणि एक, चुंबक लावायचं नाही. डोळ्यांनी हवं तेवढं बघ, हातात घे, पण चुंबक नाही. ऐकतेयस ना, चिमणे?”

“ऐकलं रे दादा. लहान आहे का मी?”

“लहान नाहीस म्हणून तर देतोय.”

दादा उल्का शोधणारा. उभा जन्म त्याने उजाड माळ तुडवण्यात घालवला होता, आणि गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा कुठे त्याला हा दगड सापडला. आकाशातून नुकताच पडलेला, दादाआधी कुणाचाही हात न लागलेला. मुठीत मावेल एवढा, काजळी धरलेल्या भांड्यासारखा काळा. एका बाजूने मात्र तुटलेला, आणि तिथून आतला राखाडी रंग दिसायचा. ग्रह आकाराला येत होते तेव्हाचं चुंबकत्व असे दगड पोटात जपून आणतात. ती त्यांची आठवण. उल्केत लोखंड असतं, म्हणून बाजारवाले खात्री करायला आधी चुंबक चिकटवतात, आणि तेवढ्यानेच ती पुसली जाते. वरून काहीच कळत नाही.

तिला तो दगड कासवासाठी हवा होता. परग्रहावर धाडायच्या गाड्यांची चाचणी घेणाऱ्या दालनात ती काम करायची. कासव म्हणजे तिथली सहा चाकांची गाडी. त्या गाडीचं जुळं भावंड, म्हणजे हुबेहूब तशीच दुसरी गाडी, लवकरच दूरच्या ग्रहावर उतरणार होतं, आणि तिथल्या वाळूत एखादी उल्का पडलेली असेल तर ती त्याने आपली आपण ओळखावी, हे शिकवायचं काम तिच्याकडे होतं. शिकवायचं तर खरा दगड हवा. म्हणून तिने दादाकडे हट्ट केला होता.

दुपारी दालन बघायला पाहुणे आले. कासव वाळूतून सरपटत निघालं. एकेका साध्या काळ्या दगडापाशी मान वळवून पुढे गेलं आणि नेमकं दादाच्या दगडासमोर थांबलं. तिचा ऊर भरून आला.

एक पाहुणे हसले. “पढवलेला पोपट आहे हो हा! हा दगड आकाशातला कशावरून? मागच्या अंगणातला कशावरून नाही?”

दालनाचे प्रमुख असलेले सर अवघडून तिच्याकडे बघू लागले. तिला स्वतःला कुणी काही बोललं असतं तर तिने मुकाट गिळलं असतं, तो तिचा स्वभावच होता. पण कासवाला पोपट म्हटलेलं तिला लागलं. भिंतीवरच्या फळ्याला कागद धरून ठेवणारं एक गोल चुंबक होतं. ते कधी हातात आलं आणि कधी दगडाला टेकलं, तिचं तिलाच कळलं नाही. टक् असा आवाज झाला. चुंबक घट्ट बसलं.

“वा!” पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांत तिला दादाचा आवाज आला. तिने घाईने चुंबक ओढून काढलं. दगड होता तसाच दिसत होता.

संध्याकाळी दगड घेऊन घरी आल्यावर ती रोजच्यासारखी प्रार्थनेला बसली. आजारपणातही न चुकलेला तिचा नेम. आज शब्द नुसते ओठांवरून गेले. ज्याला सगळं दिसतं त्याच्यापुढे डोळे मिटायचीही तिला लाज वाटली.

तेवढ्यात दादा काठी टेकत आला. रात्री इथेच राहून सकाळी तो दगड प्रयोगशाळेतल्या बाईंकडे पोचवणार होता. आल्या आल्या त्यांचाच फोन.

“काळजी सोडा बाई,” दादा खुशीत म्हणाला, “बहिणीकडे आहे, म्हणजे देवापुढे ठेवल्यासारखा आहे.”

स्वयंपाकघरात तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. गप्प राहिलं तर दादाला कळणार नव्हतं. पण दगडातलं चुंबकत्व मोजणारं बाईंचं यंत्र फळ्यावरच्या चुंबकाला ग्रहांच्या जन्माची आठवण समजून बसलं असतं, आणि त्या खोट्याखाली दादाचं नाव लागलं असतं.

“दादा, मी त्याला चुंबक लावलं.”

“चेष्टा करू नकोस.”

“नाही रे. आज दुपारी. पाहुण्यांना दाखवायला.”

दादा खाली बसला. गुडघा चोळू लागला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“आयुष्यभर बाजारवाल्यांना शिव्या घातल्या,” तो म्हणाला. “एक आपल्याच घरात आहे, हे ठाऊक नव्हतं.”

तिने मान वर केली नाही. “दादा, तो तुटलाय कुठे?”

“माळावर एक करडी शिळा आहे, तिच्यावर आपटून. उरलेला अर्धा असेल तिथेच कुठेतरी, चुंबक न लागलेला. मला नाही सापडला, आणि आता हा गुडघा... पाऊस आला की गंजून मातीत जाईल.”

“मी आणते.”

“तू? उन्हात चार पावलं टाकलीस की तुझं डोकं धरतं.”

“आणते म्हटलं ना.”

दादा बाईंना फोन लावून म्हणाला, “उद्या येत नाही. दगड बिघडला.” कुणी बिघडवला ते त्याने सांगितलं नाही, आणि ते तिला त्या टोमण्याहून जास्त झोंबलं.

सकाळी प्रार्थना करून ती निघाली. पर्स खांद्याला लावली, आणि थबकली. पर्सच्या झाकणाला चुंबकाचं बटण होतं. पर्स तिने टेबलावर ठेवली. शेजारी फोन ठेवला, त्यातही चुंबक असतं. सुती पिशवीत पाणी आणि स्वच्छ फडकं एवढंच घेतलं; रस्ता वाटेत ओळखीच्या माणसाला विचारायचं ठरवलं.

दादा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. पण रात्री त्याच्या उशाशी असलेली काठी आता दाराशी टेकवलेली होती.

तिने ती उचलली, आवाज न करता कडी काढली आणि माळाच्या दिशेने चालू लागली.