बोरखिंडीतली हाळी

मेंढरं विकल्यापासून सिद्धनाथ एकाच शब्दावर संसार रेटत होता. तो शब्द म्हणजे ‘हं’. जेवता का? हं. औषध घेतलं का? हं. गुडघे गेले, सांगोल्याकडच्या रानात चराई उरली नाही, पोरगा सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात लागला. मग कळप सोलापूरपल्याडच्या मैंदर्गीच्या चनबसप्पाला देऊन म्हातारा-म्हातारी सोलापूरजवळ कुंभारीला पोराच्या दोन खोल्यांत राहायला आली. मेंढरं खाटकाला दिली नाहीत, कळप राखणाऱ्यालाच दिली, एवढं एक समाधान होतं. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. म्हाळसाबाईला मात्र दिसत होतं की आपला माणूस आतून बंद पडत चाललाय. एक दिवस हा ‘हं’सुद्धा थांबेल, या भीतीनं तिला घास गोड लागत नव्हता.

बिरोबाला नवस बोलून झाला, दृष्ट काढून झाली. एकदा तर तिनं कालवणात मुद्दाम मूठभर मीठ टाकलं. माणूस चिडेल तरी! त्यानं ते मुकाट्यानं ओरपलं आणि वाटी खाली ठेवत म्हणाला, ‘हं.’

अशात एका संध्याकाळी सून सुकन्या मोबाईल घेऊन आली. “आत्या, हे बगा बोरखिंडीचं खोरं. आता तितं लोकं चालायला येत्यात. चिंकारा, लांडगं बगायला.”

“लांडगं बगायला?” म्हाळसाबाई हसलीच. “आमी हाकलायला जायचो की गं तितं!”

पण हसता हसता तिला जुने दिवस आठवले. दर पावसाळ्यात त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, बोरखिंडीतच बसायचा. पोरगा तिथल्याच ओढ्याकाठी जन्मला होता. या माणसाला बोलतं केलं तर तेच रान करील, नाहीतर कुणी नाही, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं सुनेला त्या सहलीला दोघांची नावं घालायला लावलं. आपल्याच रानात पाहुण्यासारखं जायचं, ही गोष्ट तिला झोंबली. पण गरज तिचीच होती.

भादव्यातली सकाळ होती. दोन्ही बाजूंना उंच माळ, मधून ओढा, काठानं पिवळाधमक फुललेला तरवड आणि वाऱ्यावर एका अंगाला झुकणारं कुसळी गवत. जीपमधून पुण्याची चार-पाच माणसं उतरली. त्यांच्यातल्या एकाच्या गळ्यात तान्ह्या पोराएवढा कॅमेरा होता. वाटाड्या अभिमन्यू जवळच्याच गावचा, बोलायला गोड. पण नियमाला पक्का. बोलायचं नाही, हसायचं नाही, भडक कपडे नकोत. त्याची नजर सिद्धनाथच्या लाल पटक्यावर येऊन थांबली.

“मामा, राग मानू नका. पटका काढून पिशवीत ठेवता का? जनावर लांबनं बुजतं.”

भर लग्नातसुद्धा त्या पटक्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आता तरी भडकेल, असं वाटून म्हाळसाबाई नवऱ्याच्या तोंडाकडे आशेनं बघत राहिली. सिद्धनाथनं पटका सोडला, घडी घातली आणि तिच्या हातात दिली. पांढरे विरळ केस वाऱ्यानं उडायला लागले. तिला त्या वाटाड्याचा नाही, नवऱ्याचाच राग आला, आणि रागापाठोपाठ रडूही.

तासभर चालणं झालं. चिंकाऱ्याची जोडी दिसली, दगडाआडून एक खोकड डोकावून गेलं. पाहुणे डोळे विस्फारून बघत होते. सिद्धनाथ काठी टेकत पुढं चालला होता. वाडा बसायचा ती जागा आली, तशी तिनं त्याला कोपरानं हळूच ढोसलं. तो तिथं क्षणभर थबकला. तिच्या जिवात जीव आला.

“हं,” तो म्हणाला आणि चालायला लागला.

मग मात्र तिनं हाय खाल्ली. आता उरलेली वाट फक्त संपवायची होती.

ओढ्याच्या वळणावर अभिमन्यूनं सगळ्यांना हिवराच्या झाडामागं सतरंजीवर बसवलं. सिद्धनाथला गुडघ्यामुळं खाली बसवेना, म्हणून तो सगळ्यांच्या पुढं एका दगडावर टेकला. बराच वेळ काही हललं नाही. आणि मग समोरच्या उतारावरचं गवत वाऱ्याच्या उलट्या अंगाला झुकलं. त्यातून लांडगा बाहेर आला. उंच पायांचा, पोट खपाटीला गेलेला. कान टवकारून तो सरळ त्यांच्याकडंच बघत पुढं आला. कॅमेरेवाल्यानं डोळा लावला.

“हाऽऽऽ! लांडगं आलं रंऽऽऽ! हाऽऽऽ!”

सिद्धनाथ उभा राहिला होता. गुडघेदुखी कुठल्या कुठं गेली होती आणि काठी डोक्यावर फिरत होती. बेंबीच्या देठापासून निघालेली ती हाळी एका माळावर आपटून दुसऱ्यावर गेली. टिटव्या कालवा करत उठल्या. लांडगा जागच्या जागी वळला आणि दिसेनासा झाला.

कॅमेरेवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला. अभिमन्यूचा चेहरा पडला. आणि म्हाळसाबाई? ती तोंडाला पदर लावून हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सगळ्यांची सकाळ नासली होती आणि तिला लाजही वाटत नव्हती. तिचा माणूस ओरडला होता!

पण लांडगा कधी एकटा येत नाही. एक पुढून दिसतो आणि दुसरा मागून उचलतो. म्हणून हाळी दिली की मेंढपाळ आधी मागं वळून कळप बघतो. सिद्धनाथही सवयीनं गर्रकन मागं वळला. मागं सतरंजी होती, आणि तिच्यावर टोप्या घातलेली पाच-सहा माणसं.

तो तसाच बघत राहिला. काठी हळूहळू खाली आली. मग दगडावर बसून, दोन्ही हातांत तोंड घेऊन तो हमसाहमशी रडायला लागला. म्हाळसाबाईचं हसू तिथंच थिजलं. एवढे दिवस तिला वाटत होतं, त्याला बोलतं केलं की काम झालं. त्या ‘हं’नं त्यानं काय दाबून धरलं होतं, ते तिला आत्ता दिसलं. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

“म्हाळसे,” तो म्हणाला, “म्या इकायला नको हुती गं.”

“व्हय,” ती म्हणाली. दुसरं काही खोटं सांगावंसं तिला वाटलं नाही.

थोड्या वेळानं तो उठला आणि अभिमन्यूपुढं त्यानं हात जोडले. “चुकलं, बाबा. तोंडातनं गेलं.” पुण्याच्या पाहुण्यांतल्या एका बाईंनी त्याला पाणी दिलं. कॅमेरेवाला मात्र परतीच्या वाटेवर सगळ्यांना मागं टाकून तरातरा पुढं चालत राहिला, आणि त्याचंही काही चुकलं नव्हतं.

जीपमध्ये म्हाळसाबाईनं पटका काढून दिला. सिद्धनाथनं हलत्या गाडीतच तो बांधला. वाकडा बसला, तरी तिनं सांगितलं नाही.

“आवाज लई मोटा झाला का गं?”

“लई. पार सोलापूरच्या पल्याड गेला असंल.”

तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. मग तिच्याकडं वळून म्हणाला, “मग चनबसप्पाच्या रानात आपल्या मेंढरांनी बी ऐकला असंल.”

म्हाळसाबाईनं त्याचा हात हातात घेतला.

“हं,” ती म्हणाली.