घरचा बेंजो

मित्रांनो, मी एक जुना बेंजो आहे. पण जुना म्हटलं म्हणून लगेच हळहळू नका. माझ्या दोन कळा अडकतात, बाकी सगळ्या ठणठणीत आहेत. डाव्या हाताने कळा दाबायच्या आणि उजव्या हातातल्या पट्टीने तारा छेडायच्या, एवढंच माझं तंत्र. तरी महाड-पोलादपूरकडच्या हळदींत माझा आवाज निघाल्याशिवाय कुणाचे पाय हलत नसत. थोडी बढाई मारतो आहे, पण तेवढा मान मी कमावला आहे.

माझा जन्म मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या मिस्त्रीने सागवानाच्या पेटीवर माझ्या तारा ताणल्या आणि समाधान होईपर्यंत मला दहा वेळा खोलून पुन्हा जोडलं. दासगावजवळच्या एका वाडीतल्या अश्वजितने मला विकत घेतलं. त्याला तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं. तो घरं रंगवायचा, आणि सुपारी आली, म्हणजे कार्यक्रम ठरला, की हातावरचा रंग रॉकेलने पुसून मला काखेत मारायचा.

त्याच्या उजवीकडे ढोलकी घेऊन बसायचे सोमातात्या. माझं खरं सूत जमलं ते त्यांच्याशी. कार्यक्रमाआधी अश्वजित माझी एकच कळ दाबून पहिला सूर द्यायचा, आणि तात्या कान माझ्याकडे लावून ढोलकी त्या सुरात चढवायचे. ती जुळली की माझ्या पेटीवर दोनदा टकटक करायचे. मग आम्ही सुरू. लोकांना गाणं आवडत असेल, मला ती टकटक आवडायची.

तात्यांचे वडील सनई वाजवत. गावाच्या पालखीपुढे त्यांनी वाजवायचंच, असा रिवाज होता. एका वर्षी त्यांनी मोबदला मागितला, तेव्हा त्यांना उत्तर मिळालं, "तू गावचाच. तुला कसले पैसे?" ते घरी आले आणि त्यांनी सनई स्वतःच्या हाताने चुलीत घातली. तात्या हे एकदाच बोलले. मी लाकडाचा आहे मित्रांनो, माझ्या अंगावर काटा यायला नको, पण आला.

म्हणून तात्यांचे नियम पक्के होते. हळद, बारसं, वाढदिवस असेल तर पैसे ठरल्याशिवाय माझी पेटी उघडायची नाही. भीमजयंतीला आणि कुणाच्या दुःखाला एक रुपयाही घ्यायचा नाही. आणि तिसरा नियम असा, "फुकट वाजवायचं तर ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं हो म्हनायचं. एकानं दुसऱ्याच्या वतीनं नाय."

दोन हजार एकवीसच्या जुलैत मी महाडला दुरुस्तीला गेलो होतो आणि सावित्रीचं पाणी दुकानात शिरलं. मी दोन दिवस चिखलात पालथा पडलो होतो. अश्वजित तर मला फेकायलाच निघाला होता. तात्यांनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं आणि आपल्या खाटेखाली अकरा दिवस सावलीत वाळवलं. जानकीबाई, म्हणजे त्यांची बायको, शिवणकाम करत. त्यांच्या मशीनचं तेल तात्यांनी माझ्या एकेका कळेला पाजलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दरडीत माणसं गेलेल्या एका वाडीची शोकसभा होती. अश्वजित दारात येऊन "तात्या..." एवढंच म्हणाला, आणि ते म्हणाले, "मी येतो." त्या दिवशी आम्ही फुकट वाजवलं. तेवढं श्रीमंत मला पुन्हा कधी वाटलं नाही.

आता गेल्या वैशाखातली गोष्ट सांगतो. ती सांगताना माझा सूर चढला तर समजून घ्या.

वाडीतलाच सुहास महाडात मांडव आणि साऊंडचा धंदा करतो. लहानपणी तो माझ्याशेजारी उभा राहून गाणं शिकला होता, अश्वजितने शिकवलं होतं. त्याचा एके दिवशी फोन आला. अश्वजितचे हात रंगाचे होते म्हणून फोन स्पीकरवर होता, त्यामुळे सगळं माझ्या कानावर पडलं.

"जय भीम दादा! रविवारी समाजमंदिराच्या छपरासाठी कार्यक्रम ठेवलाय. कोणीच पैसे घेत नाहीय, सगळे प्रेमापोटी येतायत. तू नसशील तर मजा काय?"

"रविवारी पोलादपूरला हळद आहे रे."

"हळदी काय, रोजच्या आहेत. हे आपलं काम आहे. सोमातात्या येतील ना?"

अश्वजितने हातातला ब्रश डब्यात ठेवला. मग म्हणाला, "आम्ही दोघं आलो समज."

दोघं! मला तर कोणी कधी विचारत नाही, त्याची सवय झाली आहे. पण तात्यांना विचारायचं होतं. पोलादपूरची हळद गोदावरीकाकूंच्या नातीची, इरावतीची होती. तिच्या बारशाला आम्हीच वाजवलं होतं, आणि पाळण्यात वाकून तात्यांनी सांगितलं होतं, "हिच्या हळदीलाबी मीच येनार गो काकू." काकूंनी तो शब्द इतकी वर्षं जपून ठेवला होता.

अश्वजितने काकूंचा विसार परत केला. "दुसरा बेंजोवाला पाठवतो काकू, चांगला आहे."

"चांगला असेल रे," काकू म्हणाल्या. "पण सोमा बोलला होता."

तात्यांना हे संध्याकाळी कळलं. ते ढोलकी पुसत होते. "मला इचारलंस?" त्यांनी विचारलं.

"तात्या, आपलंच काम हाय. तुम्ही काय नाय म्हनला असता?"

"नसतो म्हनलो. पन इचारायचं तरी." एवढं बोलून ते पुन्हा ढोलकी पुसायला लागले.

रविवारी आम्ही गेलो. खुर्च्या निम्म्या रिकाम्या होत्या, माणसं अजून येत होती, तेव्हा आम्हाला आधी बसवलं. माईकवाला आमच्या गाण्यात "हॅलो, चेक" करत होता. तरी आम्ही मन लावून वाजवलं. मग पनवेलहून एक ऑर्केस्ट्रा टेंपो भरून आला आणि आम्हाला मंचाच्या मागच्या बाजूला सरकवलं. त्यांचा कीबोर्डवाला भला माणूस होता. वडापाव खाताना त्याने सहज विचारलं, "तुम्ही किती घेतले?"

"आज कोनीच घेत नाय ना," अश्वजित म्हणाला.

तो हसला. "आमचे तर परवाच आले. त्याशिवाय आमची गाडी हलतच नाही."

अश्वजितच्या हातातला वडापाव तसाच राहिला. मला काखेत घेऊनच तो सुहासकडे गेला. त्याच्या छातीचे ठोके माझ्या पेटीत घुमत होते.

"तू म्हनालास, कोनीच पैसे घेत नाय."

सुहासला जराही अवघडल्यासारखं झालं नाही, हे मला अजून खुपतं. त्याने प्रेमाने अश्वजितच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे दादा, ते बाहेरचे. बाहेरच्यांना द्यावेच लागतात. तू तर घरचा!"

तात्या मागेच उभे होते. त्यांनी तिथेच खाली बसून ढोलकीच्या दोऱ्या सैल करायला घेतल्या.

"गावचा म्हनाले, तवा माझ्या बापानं सनई जाळली," ते हळूच म्हणाले. "आता आपलीच मानसं घरचा म्हनतात."

सुहासने मंचावर बोलावून आम्हाला गुलाबाचं फूल दिलं. घ्यायला एकटा अश्वजित गेला. तात्या तोवर एसटी स्टँडकडे निघाले होते.

चार दिवसांनी अश्वजित मला घेऊन त्यांच्या घरी गेला. ढोलकी खुंटीला टांगलेली होती, दोऱ्या तशाच सैल. जानकीबाईंनी चहा ठेवला.

"तात्या, सुहासनं मला फसवलं," अश्वजित म्हणाला.

"व्हय. तुला सुहासनं फसवलं," तात्या म्हणाले. "मला कोनी फसवलं रे?"

अश्वजितने मान खाली घातली. खोटं कशाला सांगू, मला सुहासपेक्षा त्याचाच राग जास्त आला होता. परका असं वागला असता, तर मी इतका दुखावलो नसतो.

तात्यांनी मला मांडीवर घेतलं, मशीनचं तेल मागून माझ्या दोन अडकणाऱ्या कळांना सोडलं आणि फडक्याने पुसलं. मला वाटलं, आता टकटक करतील. त्यांनी झाकण लावलं आणि मला अश्वजितकडे दिलं. "ह्याला उन्हात ठेवू नको. लाकूड फाटंल." त्यानंतर ते आमच्याबरोबर कधी आले नाहीत.

मित्रांनो, एखाद्या वादकाला फुकट बोलवायचं असेल तर खुशाल बोलवा. आम्ही येऊ, मन भरून वाजवू. फक्त खरं सांगा, आणि ज्याला न्यायचं त्यालाच विचारा. माणूस आपला आहे म्हणून त्याचा होकार आपल्या खिशात आहे असं धरू नका.

अश्वजित आता ताल धरायला एक यंत्र घेऊन फिरतो. त्याला सूर द्यावा लागत नाही. तरीही प्रत्येक कार्यक्रमाआधी तो माझी ती एक कळ दाबतो, उजवीकडे बघतो आणि थांबतो. मग स्वतःच यंत्राचं बटण दाबतो.